ऑफसाइटला जाताय? बसमध्ये चढल्यापासून पुढच्या सोमवारपर्यंत काय करायचं

जून संपत आला की ऑफिसात ऑफसाइटचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून बाहेरगावी जायचा, तो मेल येतोच. दोन दिवस, एक रात्र, कर्जत नाहीतर लोणावळा नाहीतर इगतपुरी, टी-शर्टची साइज शुक्रवारपर्यंत कळवा. बऱ्याच जणांचा पहिला विचार असतो की चला, एक वीकेंड गेला. माझाही असायचा, कारण रोज डोंबिवली-ठाणे-ऐरोली करणाऱ्या माणसाला शनिवार-रविवार किती जपून वापरावा लागतो ते ज्याचं त्यालाच माहीत.

बारा वर्षांत माझ्या नऊ ऑफसाइट झाल्या. पहिल्या ऑफसाइटला मी आमच्याच टीमच्या चौघींबरोबर बसमध्ये बसले, त्यांच्याबरोबर जेवले, त्यांच्याच रूममध्ये झोपले, फोटो काढले आणि घरी आले. सहा महिन्यांनी दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये एक चांगली जागा निघाली, मी नाव दिलं, तर तिथल्या हेडनी माझ्या मॅनेजरला विचारलं की ही नक्की कोण? दोन दिवस आम्ही एकाच हॉलमध्ये होतो, एकाच बुफेच्या रांगेत उभे होतो. ते मला खूप लागलं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक ऑफसाइटला मी लक्ष द्यायला लागले की कोण लोकांच्या लक्षात राहतं आणि का राहतं.

नाच चांगला केला म्हणून माणूस फार तर आठवडाभर लक्षात राहतो. ज्याच्यामुळे आपलं काहीतरी सोपं झालं तो माणूस वर्षानुवर्षं लक्षात राहतो. खाली जे काही सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे तुम्ही बोलके असा की अबोल, नवीन असा की जुने, तुम्हाला जमेल.

आधीचे पंधरा दिवस

खरं काम निघायच्या आधीच सुरू होतं. सगळ्यात पहिलं, एका कागदावर तीन नावं लिहा. अशी माणसं ज्यांच्याशी तुमचं मेलवर किंवा फोनवर काम असतं पण कधी समोरासमोर बसून बोलणं झालेलं नाही. तीनच, वीस नकोत, कारण वीस जणांना हाय-हॅलो करून कोणीच जवळ येत नाही. ओळखीचेच लोक बरे की असं वाटेल, पण १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळवलेल्या लोकांचा अभ्यास मांडला, त्यात बहुतेकांना नोकरीची खबर रोजच्या मित्रांकडून मिळालेली नव्हती, ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून आली होती. कारण साधं आहे, रोजच्या चार जणांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. कंपनीच्या आतही हेच चालतं. कुठे जागा निघणार आहे, कुठलं नवीन काम येणार आहे, कुठल्या टीममध्ये माणूस कमी पडतोय, हे पलीकडच्या डिपार्टमेंटमधल्याला कळतं, आपल्या शेजारच्या खुर्चीला नाही.

दुसरं, आपलं काम एका वाक्यात सांगायची तयारी करा. हुद्दा सांगू नका. "मी सीनियर एक्झिक्युटिव्ह, रिकन्सिलिएशन" असं म्हटलं की समोरचा "अच्छा" म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी "दर महिन्याच्या ३ तारखेला तुमच्याकडे जो रिपोर्ट येतो ना, त्यातल्या बँकेच्या एंट्र्या मी जुळवते" असं सांगा, म्हणजे तो लगेच म्हणेल "अरे, ते तुम्ही करता होय!" आणि तिथून बोलणं आपोआप पुढे जातं. हे वाक्य घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा, पहिल्या वेळेला अडखळायला होतंच.

तिसरं, एक छोटी जबाबदारी मागून घ्या. सगळं ऑर्गनाइझ करायला जाऊ नका, त्यात दोन दिवस फोनवरच जातात आणि कोणाशी धड बोलणंही होत नाही. एकच काम घ्या, आणि असं घ्या ज्यात प्रत्येकाशी बोलावं लागतं. माझ्या मते सगळ्यात चांगलं काम म्हणजे पिकअपची यादी. बस कुठून सुटणार, कोण बोरिवलीला चढणार, कोण सायनला, कोण वाशीला, यासाठी सगळ्यांना एकेक फोन करावा लागतो आणि तेवढ्यात तुमचं नाव आणि आवाज सगळ्यांना माहीत होतो. मुलींना एक वेगळं सांगते, आपल्याकडे डेकोरेशन आणि खाऊची पाकिटं भरायचं काम न विचारता येतं, आवडत असेल तर जरूर करा, पण ते कोपऱ्यात बसून करायचं काम आहे, त्यामुळे आधीच हात वर करून यादीचं काम मागा.

यादी करताना डोकं आणि मन दोन्ही लावा. विरारच्या माणसाला सायनला सकाळी सहाला बोलावलं तर त्याला पहाटे चारच्या सुमाराची लोकल पकडावी लागते, त्याच्यासाठी बोरिवलीचा पिकअप ठेवता येतो का बघा. आणि परतीचं तर कोणीच बघत नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवरच्या लोकल बंद, साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत, त्याचं वेळापत्रक रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. शनिवारी रात्री ग्रुपवर एवढंच टाका की उद्या अमुक लाइनवर ब्लॉक आहे, तमुक स्टेशनला उतरणाऱ्यांनी हा पर्याय बघा. मी एकदा हे केलं, त्याला आता चार वर्षं झाली, अजून लोक रविवारी मलाच मेसेज करून विचारतात ब्लॉक आहे का.

जेवणाचंही आधीच विचारा. जैन कोण, अंडं न खाणारे कोण, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कोणाला, आणि तारीख श्रावणात येते का, त्या दिवशी संकष्टी आहे का. संकष्टीचा उपास करणारा माणूस रात्री चंद्रोदयापर्यंत थांबतो, नऊ-साडेनऊला तो हात धुऊन येतो तेव्हा बुफे आवरलेला असतो. त्याच्यासाठी दुपारी साबुदाणा खिचडी आणि रात्री एक ताट बाजूला ठेवायला सांगितलं तर रिसॉर्टवाले नाही म्हणत नाहीत, फक्त दोन दिवस आधी सांगावं लागतं.

ज्यांना रात्री राहणं शक्य नाही त्यांच्यासाठीही सांगते, कारण घरी लहान बाळ असतं, आईवडील आजारी असतात आणि मग माणूस येतच नाही. जागा कर्जतची असेल तर सीएसएमटीवरून थेट लोकल आहे, साधारण दोन तास लागतात, सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येतं. मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात सांगा की मी शनिवारी दिवसभर येते, रात्री परत जाते. शेवटच्या दिवशी कारण सांगितलं तर टाळल्यासारखं दिसतं. अलिबाग ठरलं असेल तर मात्र पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याच्या नेहमीच्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) किंवा रस्ता एवढेच पर्याय उरतात आणि रो-रोही समुद्र बघूनच सुटते, त्यामुळे एक दिवसाचं येणं-जाणं तिथे धरू नका.

बॅगेत काय

थोडक्यात सांगते. जास्तीचे मोजे, प्लास्टिकच्या पिशव्या, छत्रीऐवजी रेनकोट, पॉवर बँक, एक लांब एक्स्टेंशन बोर्ड (याने जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या कशानेच होत नाहीत, रूममध्ये प्लग नेहमी कमीच असतात), कानात घालायचे बोळे, बँड-एड, ओआरएस, आवळा सुपारी आणि गाडी लागायची गोळी. बोरघाटात कोणाला ना कोणाला गाडी लागतेच. गोळी घाट लागल्यावर देऊन उपयोग नसतो, निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते, म्हणून आदल्या रात्रीच ग्रुपवर विचारून ठेवा, आणि अशा माणसाला पुढची सीट द्या.

बस

माझ्या मते अख्ख्या ऑफसाइटमधला सगळ्यात महत्त्वाचा वेळ हा. दोन-अडीच तास एकाच माणसाच्या शेजारी बसायचं, मधे मीटिंग नाही, लॅपटॉप नाही, असा वेळ वर्षभरात दुसऱ्यांदा मिळत नाही. आणि बहुतेक जण तो आपल्याच मैत्रिणीच्या शेजारी बसून, एकाच इअरफोनची दोन टोकं कानात घालून घालवतात.

नियम साधा ठेवा. जाताना तीन नावांपैकी एकाच्या शेजारी, येताना आपल्या ग्रुपबरोबर. येताना सगळे थकलेले असतात, झोपतात, तेव्हा नवीन बोलणं होत नाही. बसमध्ये चढल्यावर "इथे कोणी आहे का?" एवढं विचारून बसा, त्याला काही कारण द्यावं लागत नाही.

आता बोलायचं काय. कामाने सुरुवात करू नका. "आज किती वाजता निघालात घरून?" हा मुंबईत कधीही वाया न जाणारा प्रश्न आहे, कारण प्रत्येकाकडे ट्रेनची, रिक्षाची, पाणी भरलेल्या सबवेची एक गोष्ट असतेच. त्यातून माणूस कुठे राहतो, घरी कोण आहे, मुलं कितवीत आहेत हे तो आपणहून सांगतो, तुम्हाला खोदून विचारावं लागत नाही. लग्न का नाही केलं, पगार किती, मूल कधी, आडनावावरून गाव आणि मग त्यावरून जात, हे विचारूच नका, कितीही ओळख झाली तरी.

मग खालापूरच्या फूड मॉलला गाडी थांबते, चहा-वडापाव होतो, लोक मोकळे होतात. परत बसल्यावर हा एक प्रश्न विचारा: "आमच्या टीमकडून तुमच्याकडे जे येतं ना, त्यात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

हा प्रश्न मी तिसऱ्या ऑफसाइटला पहिल्यांदा विचारला. शेजारी आमच्या भिवंडीच्या गोडाउनचे इन्चार्ज होते, सगळे त्यांना काका म्हणतात. काका आधी "काही नाही हो मॅडम, सगळं ठीक आहे" म्हणाले. मी गप्प बसले. दोन मिनिटांनी म्हणाले, "एक सांगू का, रागावणार नसाल तर. तुमच्या शीटमध्ये पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर एकाच रकान्यात येतो. माझी दोन पोरं रोज सकाळी तासभर बसून ते वेगळं करतात."

ती शीट मी दोन वर्षं पाठवत होते. मला एकानेही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्या क्षणी तोंडावर आलं होतं की आम्हाला सिस्टिममधूनच तसं येतं, आम्ही तरी काय करणार. ते बोलले नाही हे बरं झालं. तुम्हीही बोलू नका. असं काही ऐकल्यावर स्वतःची बाजू मांडायची नाही, फक्त विचारायचं की नक्की कसं आलं तर सोपं जाईल, आणि फोनमध्ये लिहून ठेवायचं. लगेच आश्वासन पण देऊ नका, "मी सोमवारी बघते आणि कळवते" एवढंच.

अबोल माणसांसाठी: बसमध्ये प्रत्येक क्षणी बोलायलाच हवं असं नाही. खिडकीबाहेर घाट सुरू झाला, ढग खाली आले की कोणीही गप्प होतं, आणि शेजारी गप्प बसून धबधबे बघणं हीसुद्धा ओळखच आहे.

रूम

ट्विन शेअरिंगमध्ये, म्हणजे दोघांना एक रूम असते तिथे, कोणाबरोबर टाकलंय हे कळल्यावर बदलून घ्यायची धडपड करू नका, खरंच अडचण असेल तर गोष्ट वेगळी. रूममध्ये गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी ठरवून टाका, एसी कितीवर, सकाळी आधी आंघोळ कोणाची (गिझर छोटा असतो), आणि रात्री लाइट किती वाजता बंद. घोरत असाल तर आधीच सांगा आणि बोळ्यांची जोडी पुढे करा, समोरच्याला रात्रभर कुशी बदलत जागं ठेवण्यापेक्षा हे फार बरं. मला एका ऑफसाइटला रूममेट म्हणून ऑडिटच्या एक मॅडम मिळाल्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, ऑफिसात त्यांचा सगळ्यांना धाक. रात्री त्या अर्धा तास घरी सासूबाईंशी फोनवर बोलत होत्या, गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते सांगत होत्या. मी गॅलरीत जाऊन थांबले. त्यांनी ते पाहिलं, आणि मग रात्री एकपर्यंत आम्ही बोललो. ऑडिटचा मेल आला की आजही मी घाबरत नाही, फोन उचलून विचारते.

सेशन आणि खेळ

हॉलमधल्या सेशनमध्ये पहिल्या वीस मिनिटांत एकदा तरी बोला. मुद्दा फार भारी असायची गरज नाही, एखादा प्रश्न चालेल. जितका उशीर होतो तितकं तोंड उघडणं जड जातं, हे मी स्वतः अनुभवलंय. आणि दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेताना त्याचं नाव घ्या, "मगाशी ऑपरेशन्सच्या मॅडम जे म्हणाल्या त्याला जोडून" असं. ज्याचं नाव घेतलं तो दिवसभर तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, आणि मोठ्या आवाजाच्या चार जणांमध्ये ज्याचं म्हणणं दबून गेलं होतं त्याला तर ते फारच बरं वाटतं.

आयडिया काढायचं सेशन असेल तर ग्रुपला सुचवा की आधी पाच मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून कागदावर लिहूया आणि मग बोलूया. १९५८ साली येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगात दिसलं होतं की चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्यापेक्षा चार जण वेगवेगळे बसून लिहितात तेव्हा एकत्रित कल्पना जास्त निघतात. याचा दुसरा फायदा असा की अबोल माणसाच्याही पाच गोष्टी कागदावर येतात. मग मार्कर उचला आणि चार्टवर लिहायचं काम तुम्ही घ्या. संध्याकाळी चार्टचा फोटो आणि दहा ओळींचं टिपण ग्रुपवर टाकून द्या. एवढं कोणीही करत नाही, आणि सोमवारी सगळे तेच टिपण शोधत असतात.

स्पॅगेटीच्या काड्यांचा मनोरा करायचा खेळ बऱ्याच ठिकाणी ठेवतात, स्पॅगेटीच्या २० कच्च्या काड्या, थोडी टेप, थोडा दोरा, एक मार्शमॅलो आणि १८ मिनिटं, सगळ्यात उंच मनोरा ज्याचा तो जिंकला, मार्शमॅलो टोकावर पाहिजे. बहुतेक टीम सतरा मिनिटं मनोरा बांधतात, शेवटच्या मिनिटाला मार्शमॅलो ठेवतात आणि सगळं कोसळतं, कारण तो दिसायला हलका असला तरी त्या काड्यांना जड होतो. हा खेळ जगभर खेळवल्यावर दिसलं की बालवाडीतली मुलं मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगला मनोरा करतात, कारण ती सुरुवातीपासूनच मार्शमॅलो वर ठेवून बघतात, पडला की परत करतात. तेव्हा तुमच्या टीमला तिसऱ्याच मिनिटाला म्हणा, आधी छोटा करून वर ठेवून बघूया.

अंडरआर्म क्रिकेट असेल, एक टप्पा आउट वगैरे, तर टीम पाडताना चांगले खेळणारे आधी निवडले जातात आणि उरलेले बाउंड्रीवर खुर्च्या टाकून बसतात. तिथे लक्ष घाला. ज्याचा गुडघा दुखतो त्याला अंपायर करा, स्कोअर लिहायला द्या, ज्या मुलीला खेळायचंय पण विचारत नाहीये तिला पहिली ओव्हर द्या. मॅच कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. आपल्याला बॅट मिळाली होती हे आठवतं.

स्टेजची भीती असेल तर हाउजीचे आकडे पुकारायचं काम घ्या. १ ते ९० आकडे, हातात माइक, काय बोलायचं ते ठरलेलं, आणि अख्खा हॉल तुमच्याकडे कान लावून बसलेला. बोलायची सवय होण्यासाठी याच्यापेक्षा सोपं काही मला माहीत नाही.

जेवणाचं टेबल आणि भाषा

तीन जेवणं असतील तर तीन वेगळ्या टेबलांवर बसा. आणि भाषेचं एक मनापासून सांगायचंय. आपण मराठी माणसं एकत्र आलो की लगेच मराठीत रंगतो, त्यात गैर काही नाही, मला तर फार आवडतं, पण टेबलावर एक मल्याळी आणि एक बंगाली सहकारी असेल आणि आपण वीस मिनिटं मराठीतच हसत असू तर ते दोघं जेवण आटपून उठतात. तेव्हा हिंदीत या, आणि मधेच त्यांना मराठी शब्द सांगा, "पिठलं म्हणजे काय" इथपासून सुरू करा. अंताक्षरीतही दोन राउंड "कुठल्याही भाषेतलं गाणं चालेल" असे ठेवा. आमच्याकडच्या एका तमिळ मुलाने अशाच राउंडला गाणं म्हटलं, तोपर्यंत दीड वर्षात त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

ड्रायव्हर काका जेवले का हे विचारा. नेहमी.

रात्र

इथे मी स्पष्ट बोलते, कारण वर्षभर कमावलेलं एका रात्रीत जाताना मी पाहिलंय. पिणं न पिणं ज्याचं त्याने ठरवावं. पीत नसाल तर हातात लिंबू सोडा ठेवा, कारण सांगत बसू नका, "मला नको" पुरतं. पीत असाल तर आकडा आधी ठरवा आणि आधी जेवा. महाराष्ट्रात बियरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे, त्यामुळे नवीन लागलेल्या पोरांना आग्रह करणं तर मुळातच चूक. रक्ताच्या १०० मिलीमध्ये ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, स्वतःची गाडी आणलेल्यांच्या चाव्या रात्री एका माणसाकडे जमा करा. आणि पिऊन पूलमध्ये कोणीही उतरायचं नाही.

दुसरी गोष्ट सगळ्या पुरुषांनी आणि सगळ्या बायकांनी नीट माहीत करून घ्यावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, आणि त्यात कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नाही, कामानिमित्त गेलेली कुठलीही जागा आणि कंपनीने दिलेली बसही त्यात येते. म्हणजे रिसॉर्टवर जे घडतं ते ऑफिसात घडल्यासारखंच धरलं जातं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, समितीला योग्य कारण वाटलं तर मुदत आणखी तीन महिने वाढते. नाचायला हात धरून ओढणं, रूमचं दार वाजवणं, न विचारता फोटो काढून टाकणं, हे "ऑफसाइटला चालतं" या खाली येत नाही. मुलींनी रात्री रूमवर जाताना एकमेकींना मेसेज करायचा, आणि कोणी अस्वस्थ दिसली की नुसतं तिच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, "चल, मला रूमची चावी शोधायला मदत कर" म्हणून तिला बाजूला न्यायचं. ही मदत ती जन्मात विसरत नाही.

मोठ्या साहेबांशी बोलायचं असेल तर

रात्रीच्या पार्टीत जाऊ नका, तिथे त्यांच्याभोवती दहा जण असतात. सकाळी सात वाजता चहाच्या टेबलापाशी जा, सीनियर लोक बहुतेक लवकर उठतात आणि एकटे असतात. प्रमोशन, पगार, मॅनेजरची तक्रार, यातलं काही काढायचं नाही. "काल तुम्ही जे सेशनमध्ये म्हणालात त्यातलं एक मला नीट कळलं नाही" असं खरोखर न कळलेलं काही विचारा. पाच मिनिटं पुरतात. मग तुम्हीच निरोप घ्या.

पावसाळी सकाळी कोणीतरी म्हणणारच की चला धबधब्यावर जाऊया. लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात २०२४ च्या जूनमध्ये एकाच कुटुंबातले पाच जण लोंढ्यात वाहून जाऊन दगावले, वर डोंगरात पाऊस वाढला की खाली काही मिनिटांत पाणी चढतं. नाही म्हणणारा पहिला माणूस तुम्ही व्हा, आणि पर्याय द्या, कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आईचं दर्शन असं दोन-तीन तासांत होण्यासारखं. तुमच्यामुळे अजून चार जणांना "मलाही नकोच होतं" म्हणता येतं.

परत येताना आणि सोमवार

वर्गणीचे पैसे त्याच रात्री यूपीआयने देऊन टाका, आठवण करायला लावू नका. परतीला गाडी लोणावळ्यात थांबली की एक-दोन किलो चिक्की जास्तीची घ्या, ती कशासाठी ते सांगतेच. बसमध्ये झोपायच्या आधी फोनमध्ये लिहून ठेवा, कोणाशी काय बोलणं झालं, कोणाच्या मुलीची दहावी आहे, कोणाला काय कळवतो म्हणालात.

सोमवारी सकाळी मेल उघडायच्या आधी तीन माणसांना तीन मेसेज करा. "खूप मजा आली" असले नकोत, जे बोललात त्याच्याशी जोडलेले. मी त्या सोमवारी काकांची शीट उघडली, पत्ता, पिनकोड आणि फोन वेगळे करायला मला चाळीस मिनिटं लागली, आणि नवीन शीट पाठवून विचारलं की अशी चालेल का. दुपारी काकांचा फोन आला, म्हणाले पोरं विचारतायत आज काम लवकर कसं संपलं. पुढच्या महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये काकांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं, मी सांगायला सांगितलेलं नव्हतं, आणि तिथे तेच हेड बसले होते ज्यांनी एकेकाळी विचारलं होतं की ही कोण. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जागा निघाली तेव्हा त्यांनीच मला बोलावून घेतलं.

गुरुवारपर्यंत नवीन ओळखींपैकी एकाबरोबर डबा खा. पहिल्या आठवड्यात हे झालं नाही तर नंतर होत नाही, ओळख परत मेलपुरती राहते.

आणि ती चिक्की. ऑफसाइटला सगळे येऊ शकत नाहीत, कोणीतरी सपोर्टच्या शिफ्टला थांबलेलं असतं, सिक्युरिटीचे दादा, हाउसकीपिंगच्या ताई तर यादीतच नसतात. त्यांच्यापर्यंत स्वतः जाऊन द्या, पँट्रीत नुसती ठेवून येऊ नका. शिफ्टला थांबलेल्याला त्याच्यामुळे आपण जाऊ शकलो हे तोंडाने सांगा. डब्याचं झाकण घट्ट लावा, पावसाळी हवेत चिक्की मऊ पडते, आणि अर्धी आधीच बाजूला काढून ठेवा, कारण दुसऱ्या शिफ्टचे लोक साडेतीनला येतात.